वर्गातली नैतिक चर्चा आणि घरातली वही : तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

मूल्यशिक्षणाच्या तासिकेत किंवा सकाळच्या परिपाठात बहुतेक ठिकाणी जे घडते ते असे : शिक्षक एक बोधकथा सांगतात, ‘यावरून आपण काय शिकलो?’ असे विचारतात, मुले एका सुरात ‘नेहमी खरे बोलावे’ असे उत्तर देतात, आणि त्याच दिवशी मधल्या सुट्टीनंतर त्यांतलीच कितीतरी मुले शेजाऱ्याच्या प्रयोगाच्या जर्नलमधले आकडे उतरवून काढतात. या मुलांना ढोंगी म्हणणे अन्यायाचे आहे. सकाळचे उत्तर आणि दुपारचे आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्यांना कोणी दाखवलेलेच नसते.

मी पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि काही वर्षांपासून शिक्षकांच्या छोट्या गटांबरोबर अशा चर्चा घेण्याचा सराव करते. विषय बदलतात, वर्ग बदलतात, पण चूक बहुतेक वेळा तीच दिसते : चर्चेचा क्रम उलटा असतो. तात्पर्य आधी ठरलेले असते आणि मग त्याला साजेशी माहिती गोळा केली जाते. पुढची सगळी मांडणी हा क्रम सरळ करण्यासाठी आहे. ती आठवी ते बारावीच्या वर्गांना लागू पडते आणि तिला एका आठवड्याच्या अंतराने दोन तासिका लागतात. तीच पद्धत घरी कशी वापरायची, तेही शेवटी सांगितले आहे.

## तयारी

### १. प्रसंग निवडा, आणि निवडताना घाई करू नका

चर्चा फसते ती बहुधा येथेच. ‘सापडलेले पाकीट परत करावे का?’ हा प्रश्न चर्चेचा नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि तेच शिक्षकांना ऐकायचे आहे हेही माहीत आहे. प्रसंग असा हवा की त्यात दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात : खरेपणा आणि मैत्री, न्याय आणि दया, दिलेला शब्द आणि कोणाची तरी गरज. एका बाजूला चांगले आणि दुसऱ्या बाजूला नुसता मोह असेल, तर मुले चर्चा करत नाहीत, पाठ म्हणून दाखवतात.

प्रसंग मुलांच्या आवाक्यातलाही हवा. बुडत्या जहाजावर कोणाला वाचवायचे, असल्या प्रश्नांवर वर्ग रंगतो खरा, पण त्यातून आपल्या वागण्याकडे परत येणारी वाट मुलांना सापडत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलाच्या फोटोचे स्टिकर फिरत असताना गप्प बसणे, मंडळातल्या मित्रांना दुखवायचे नाही पण स्पीकरसमोरच्या इमारतीत कोणी आजारी आहे, सोसायटीतल्या वॉचमन काकांना झोप लागलेली पाहिली आणि ती तक्रार केली तर त्यांची नोकरी जाईल, हे प्रसंग पुण्यातल्या मुलांच्या रोजच्या रस्त्यावरचे आहेत.

या लेखात मी जो प्रसंग शेवटपर्यंत वापरणार आहे तो असा :

*एक मुलगी आणि तिचा जोडीदार प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग करत आहेत. लंबकाची लांबी १०० सेंटिमीटर आहे. २० दोलनांना ३८.१ सेकंद लागले, असे त्यांनी लिहिले आहे. त्यावरून गुरुत्व त्वरण १०.९ येते, शेजारच्या गटाचे पुस्तकातल्यासारखे ९.८ आले आहे. तास संपायला दहा मिनिटे आहेत. उत्तर जुळले नाही तर थांबून प्रयोग पुन्हा करायचा, असा प्रयोगशाळेचा नियम आहे. जोडीदाराला स्वारगेटहून सासवडची गाडी गाठायची आहे आणि घरी त्याची लहान बहीण एकटी आहे. तो म्हणतो, ‘३८.१ चे ४०.१ कर. एकच तर रीडिंग आहे. सगळे करतात.’*

४०.१ लिहिले की उत्तर ९.८ येते, हे कॅल्क्युलेटरवर करून पाहता येईल. प्रसंगातले तपशील असे खरे आणि तपासता येण्याजोगे असले, की मुले तो गंभीरपणे घेतात.

इशारा : वर्गात नुकतीच घडलेली घटना ‘काल्पनिक’ म्हणून कधीही मांडू नका. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ही चूक केली आहे. सहलीच्या पैशांतले ५०० रुपये कमी भरले होते. मी नावे वगळून, रक्कम बदलून तोच प्रसंग चर्चेला घेतला. मी तीन वाक्ये बोलले असेन, तोवर वर्गातल्या साऱ्या माना तिसऱ्या बाकाकडे वळलेल्या होत्या. तो मुलगा समोरच्या वहीवर पेनाने एकाच जागी रेघा ओढत राहिला, कागद फाटेपर्यंत. पैसे दोन दिवसांनी दुसऱ्या तुकडीच्या पाकिटात सापडले. मी त्याची माफी मागितली आणि त्याने ती स्वीकारली, पण त्या वर्षात तो माझ्या तासाला पुन्हा कधी बोलला नाही.

दुसरा इशारा : ज्या गोष्टींचे उत्तर कायद्याने दिलेले आहे, त्या चर्चेला ठेवू नका. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘सांगावे की सांगू नये’ हा तेथे प्रश्नच उरत नाही. मुलांना १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) क्रमांक माहीत असला पाहिजे, पण तो सांगण्याची जागा वेगळी आहे.

### २. आधी स्वतः लिहा

तासिकेच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटे काढून तीन गोष्टी कागदावर लिहा : या प्रसंगात मी काय केले असते, का केले असते, आणि कोणती माहिती मिळाली तर माझे मत बदलेल. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल, तर हा प्रसंग तुम्ही घेऊ नये. त्यावर तुमचे मत इतके पक्के आहे की तुम्ही चर्चा न घेता वर्गाला हाकत न्याल.

त्यापुढे चौथी ओळही लिहावी, असा माझा आग्रह आहे : याच जातीची गोष्ट मी कधी केली आहे? लंबकाच्या प्रसंगाची तयारी करताना मला माझी टाचण वही, म्हणजे पाठांचे नियोजन लिहिण्याची वही, आठवली. तपासणीच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराचे टाचण मी एकाच पेनाने, मागच्या तारखा घालून लिहून काढले होते. मुलीने ३८.१ चे ४०.१ केले आणि मी १८ तारखेला ३ तारीख घातली, यात मला फार अंतर दिसेना. ही गोष्ट वर्गात सांगायलाच हवी असे नाही, पण ती आठवलेली असली की आवाजातला उपदेश आपोआप उतरतो.

### ३. बसण्याची सोय आणि दोन नियम

साठ मुलांच्या वर्गात गोल करून बसणे शक्य नसते आणि त्याची गरजही नाही. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की चौघांचा गट होतो, तेवढे पुरे. प्रत्येकाजवळ अर्धा कोरा कागद असावा. वही नको, कारण वही तपासली जाते याची मुलांना सवय असते.

नियम दोनच सांगा. पहिला, कोणाचेही नाव घ्यायचे नाही, वर्गातल्याचे नाही आणि वर्गाबाहेरच्याचेही नाही. दुसरा, येथे कोणी जे बोलेल ते शिक्षक खोलीत जाणार नाही. मात्र कोणाच्या जिवाला किंवा अंगाला धोका आहे असे कळले, तर मला ते योग्य माणसाला सांगावेच लागेल. हा अपवाद सुरुवातीलाच सांगितला पाहिजे. नंतर सांगितला तर ती फसवणूक ठरते.

या तासाला गुण नाहीत, शेरा नाही, आणि मतासाठी कोणाला उभे करणे किंवा टोमणा मारणे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे, आणि ‘बघा, हा काय म्हणतोय’ असे चारचौघांत म्हणणे त्या वाटेवरचेच पाऊल आहे.

## पहिली तासिका

वेळ साधारण अशी विभागावी : पहिल्या टप्प्याला आठ मिनिटे, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात, चौथ्याला चौदा आणि पाचव्याला पाच. तुमच्याकडे तासिका तीस किंवा पस्तीस मिनिटांची असेल, तर तिसऱ्या टप्प्यानंतर थांबा आणि उरलेले दुसऱ्या दिवशी घ्या. चौथा टप्पा आखडून घेण्यापेक्षा हे बरे.

### टप्पा १ : काय घडले, आणि काय घडले असे आपण धरून चालतो आहोत

प्रसंग दोनदा सावकाश वाचा. मग फळ्याचे दोन भाग करा; एकावर ‘माहीत आहे’ आणि दुसऱ्यावर ‘गृहीत धरले’ असे लिहा. मुलांनी काहीही सांगितले की ते कोणत्या बाजूला जाते, एवढेच विचारा.

पहिल्या मिनिटाला ‘तो मुलगा कामचुकार आहे’ हे वाक्य येतेच. ते खोडू नका, त्याच्याशी वाद घालू नका. गृहीताच्या बाजूला लिहा. ‘मॅडम फार कडक आहेत’, हेही तिकडेच. ‘सगळे करतात’ हे वाक्य कोणत्या बाजूला लिहायचे यावर थोडा वेळ जाऊ द्या, कारण ऐकताना ते वस्तुस्थितीसारखे वाटते, पण ‘सगळे म्हणजे किती? तुम्ही पाहिलेले किती?’ असे विचारले की बहुधा दोन-तीन गटांपलीकडे कोणाला सांगता येत नाही.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती मुलांनीच शोधली पाहिजे. ३८.१ हा आकडा आला कसा? एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक दोलन जवळजवळ दोन सेकंदांचे असते, म्हणजे वीस दोलनांना साधारण चाळीस सेकंद लागायला हवेत. गोळा सोडतानाच ‘एक’ म्हटले आणि ‘वीस’ म्हणताना स्टॉपवॉच थांबवले, तर प्रत्यक्षात एकोणीसच दोलने मोजली जातात, आणि एकोणीस दोलनांना सुमारे ३८.१ सेकंद लागतात. त्या दोघांनी घेतलेले रीडिंग खोटे नव्हते. मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू झाली होती. मागच्या वर्षी एका मुलाच्या हे लक्षात आले तेव्हा तो जागेवरच उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे त्यांनी आकडा बदलला असता तर त्यांना हे कधीच कळलं नसतं.’ मी त्यावर काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

प्रत्येक प्रसंगात अशी गाठ सापडेलच असे नाही. पण वस्तुस्थिती नीट पाहिली की निम्मा पेच सुटतो, असा माझा अनुभव आहे, आणि म्हणूनच या टप्प्यावर मी मुद्दाम रेंगाळते.

इशारा : ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न या टप्प्यावर विचारला, तर फळ्याचा ‘गृहीत धरले’ हा भाग कोराच राहतो, कारण मग प्रत्येकाला आपले गृहीत हीच वस्तुस्थिती वाटू लागते.

पडताळणी : गृहीताच्या बाजूला किमान तीन गोष्टी आल्या का? नसतील तर पुढे जाऊ नका, प्रसंग तिसऱ्यांदा वाचा.

### टप्पा २ : झळ कोणाकोणाला पोचते

मुले समोर असलेल्यांची नावे लगेच सांगतात : ती मुलगी, जोडीदार, मॅडम. मग थांबतात. येथे एकच प्रश्न पुरतो : ‘जे त्या खोलीत नाहीत, त्यांतले कोण?’ हळूहळू जोडीदाराची बहीण येते, ज्या गटाने खरे रीडिंग लिहिले म्हणून त्याला थांबावे लागले तो गट येतो, पुढच्या वर्षी हेच जर्नल मागून नेणारी मुले येतात. प्रत्येकासमोर त्याचे नेमके काय जाते, हे दोन-तीन शब्दांत लिहावे. ‘वाईट वाटेल’ एवढ्यावर समाधान मानू नये.

### टप्पा ३ : पर्याय किमान चार

नैतिक पेच म्हटला की ‘हे की ते’ एवढेच डोळ्यांसमोर येते : आकडा बदला, नाहीतर गाडी चुकवा. बहुतेक वेळा या दोन टोकांच्या मध्ये जागा असते, पण ती शोधायला कोणी बसत नाही. म्हणून चौघांच्या प्रत्येक गटाने चार पर्याय लिहिलेच पाहिजेत, असे ठरवून द्या. पहिले दोन सगळ्यांचे सारखे असतात. कस लागतो तो तिसऱ्या आणि चौथ्याला.

माझ्या वर्गांतून आलेले काही पर्याय असे : रीडिंग आहे तसे ठेवून खाली ‘मोजणीत चूक झाली असावी, पुन्हा घ्यायला वेळ मिळाला नाही’ असे लिहायचे, जोडीदाराने जायचे आणि मुलीने एकटीने प्रयोग परत करायचा, मॅडमना गाडीचे कारण सांगून उद्या मधल्या सुट्टीत येण्याची परवानगी मागायची, दहा मिनिटे आहेत तर चाळीस सेकंदांचे एक रीडिंग आत्ताच पुन्हा घ्यायचे. शेवटचा पर्याय इतका सरळ आहे, पण तो सुचायला बहुतेक गटांना पाच मिनिटे लागतात, कारण ‘वेळ नाही’ हे जोडीदाराचे म्हणणे सगळ्यांनी पहिल्या टप्प्यात निमूट मान्य केलेले असते. तसे झाले तर परत फळ्याकडे जा आणि ते वाक्य गृहीताच्या बाजूला हलवा.

पडताळणी : ज्याला ‘मधला मार्ग’ म्हटले आहे, तो कोणाला तरी अंधारात ठेवून तर काढलेला नाही ना?

### टप्पा ४ : कारणे

हा तासाचा गाभा आहे. प्रत्येक पर्यायाला तीन प्रश्न विचारायचे, याच क्रमाने.

पहिला परिणामांचा : हे केल्यावर कोणाचे काय होईल, आज आणि पुढे, आणि सगळ्यांनी असेच केले तर काय होईल? दुसरा जागा बदलण्याचा : त्या यादीतल्या प्रत्येक माणसाच्या जागी मी असेन, तर मला हे मान्य होईल का? तिसरा स्वतःचा : हे मी घरी, रात्रीच्या जेवणाला बसल्यावर, जसे घडले तसे सांगू शकेन का? तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच बाजूला झुकतील असे नाही. जोडीदाराच्या जागी उभे राहिले की आकडा बदलावासा वाटतो, आणि खरे रीडिंग लिहून थांबलेल्या गटाच्या जागी उभे राहिले की तोच बदल डोळ्यांत खुपतो. हा ताण मिटवू नका. तो जाणवणे, यासाठीच तर ही तासिका आहे.

येथे शिक्षकाचे सगळ्यात मोठे काम गप्प राहण्याचे आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबतात, असे अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेला १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांतून आढळले, आणि तीन सेकंद किंवा अधिक थांबले की उत्तरे लांब आणि सकारण होतात, एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात, असेही. नैतिक प्रश्नाला तीनही कमी पडतात. मी प्रश्न विचारून खिडकीकडे वळते आणि मनात सातपर्यंत मोजते. वर्गाकडे पाहत थांबले तर माझ्या चेहऱ्यावरून मुले उत्तर वाचतात.

नेहमी होणाऱ्या चुका चार आहेत.

‘शाब्बास, अगदी बरोबर!’ म्हणणे ही पहिली. एका उत्तराला शाबासकी मिळाली की बाकीचे त्याच उत्तराकडे धावतात. त्याऐवजी ‘कारण काय?’ एवढेच विचारावे, पटलेल्या उत्तरालाही आणि न पटलेल्यालाही, एकाच स्वरात.

हात वर करून मते मोजणे ही दुसरी. बहुमताने सहलीचे ठिकाण ठरते, योग्य-अयोग्य ठरत नाही. शिवाय हात वर करताना मुले प्रसंगाकडे पाहत नाहीत, एकमेकांकडे पाहतात.

तिसरी चूक उलट्या टोकाची आहे आणि अलीकडे तिचे प्रमाण वाढलेले मला जाणवते : ‘प्रत्येकाचे आपापले मत’ म्हणून विषय सोडून देणे. मत असण्याचा हक्क सगळ्यांना सारखा असला, तरी सगळी मते सारख्याच कसाची नसतात. ज्या मताला कारण आहे, ज्याने समोरच्याची बाजू ऐकली आहे आणि जे स्वतःलाही लागू करून पाहिले आहे, ते मत अधिक चांगले; हे मुलांना स्पष्ट सांगायला शिक्षकाने कचरू नये.

चौथी चूक जात, धर्म, गरिबी किंवा मुलगी असणे यांच्याशी जोडलेल्या प्रसंगांत होते. त्या गटातल्या मुलाकडे वळून ‘तुला काय वाटते?’ असे विचारणे म्हणजे त्याच्यावर सगळ्या समाजाच्या वतीने बोलण्याचे ओझे टाकणे आहे. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल.

‘मॅडम, तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न येणारच. तो टाळू नका, पण ‘तुमचे लिहून झाले की सांगते’ असे म्हणा, आणि मग खरोखर सांगा.

### टप्पा ५ : निर्णय लिहिणे

शेवटची पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही. प्रत्येकाने अर्ध्या कागदावर, नाव न घालता, एक वाक्य पूर्ण करायचे : ‘मी अमुक करेन, कारण अमुक, आणि त्यामुळे अमुक माणसाचे अमुक नुकसान होईल, हे मला माहीत आहे.’ वाक्याचा तिसरा भाग मुले सोडून देतात. तो लिहिल्याशिवाय कागद घेऊ नका, कारण आपल्या निर्णयाची किंमत कोणीतरी मोजतो, हे मान्य करणे एवढीच गोष्ट या तासातून मुलाबरोबर घरी गेली, तरी तास सार्थकी लागला.

इशारा : कागद वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नका; भाषेवरूनही लिहिणारा ओळखू येतो. चार-पाच वेगवेगळी कारणे स्वतःच्या शब्दांत टिपून ठेवा आणि मूळ कागद फाडून टाका.

## दुसरी तासिका, आठवड्यानंतर

### टप्पा ६ : जमले का, आणि नसेल तर कोठे अडले

ही तासिका जवळजवळ सगळीकडे वगळली जाते आणि त्यामुळे पहिली वाया जाते. टिपून ठेवलेली कारणे वाचा आणि विचारा : या आठवड्यात असे काही समोर आले का? ठरवले तसे करता आले का?

‘नाही’ हे उत्तर शांतपणे ऐकून घेतले पाहिजे आणि त्यानंतर अडथळा नेमका कोठे आला ते शोधले पाहिजे. जेम्स रेस्ट या मानसशास्त्रज्ञाने नैतिक वागण्याचे चार घटक सांगितले आहेत, आणि ते येथे उपयोगी पडतात : पेच आहे हे लक्षात येणे, काय योग्य ते ठरवणे, इतर गोष्टींपेक्षा त्याला महत्त्व देणे, आणि अडचणी आल्या तरी ते पार पाडणे. आपले मूल्यशिक्षण दुसऱ्या घटकावर थांबते. मुले मात्र पहिल्यावर अडखळतात, कारण घाईत काही लक्षातच येत नाही, किंवा चौथ्यावर, कारण मित्र रागावेल याची भीती खरी असते. पहिल्या कारणाला अधिक प्रसंग पाहण्याची सवय लागते. चौथ्याला ‘नाही’ म्हणण्याचा प्रत्यक्ष सराव लागतो. जोडीदाराला नेमके काय म्हणायचे, ते वाक्य वर्गात दोघादोघांनी मोठ्याने म्हणून पाहावे. ‘आकडा नको बदलायला, चाळीसच सेकंद लागतील, तू मोज, मी वेळ लावते’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलेले असले, की ऐन वेळी सापडते.

कधीकधी अडथळा आपणच उभा केलेला असतो. लंबकाच्या प्रसंगावर तिसऱ्यांदा चर्चा घेतल्यावर एका मुलीने शांतपणे विचारले, ‘मॅडम, पण उत्तर जुळलं नाही तर थांबायचं, हा नियम कोणाचा?’ नियम माझाच होता. खरे लिहिणाऱ्याला शिक्षा आणि जुळवणाऱ्याला घरी जाण्याची मुभा, अशी व्यवस्था मी स्वतः चालवत होते आणि तिच्यावर प्रामाणिकपणाचे धडे देत होते. आता उत्तराइतकेच महत्त्व चुकीचे कारण शोधण्याला असते, आणि शेवटची दहा मिनिटे रीडिंग पुन्हा घेण्यासाठी राखून ठेवलेली असतात. दुसऱ्या तासिकेत शिक्षकाने बदलण्यासारखी एखादी गोष्ट निघाली, तर ती त्याच आठवड्यात बदला. मुले ते पाहत असतात.

## रोजच्या जगण्यात हाच क्रम

घरी फळा नसतो. एक पातळ वही पुरते. रोज लिहिण्याचा संकल्प करू नका, तो दोन आठवड्यांत बारगळतो. रविवारी दहा मिनिटे बसा, आठवड्यातली मनाला टोचलेली एकच गोष्ट घ्या आणि तिला तेच प्रश्न विचारा. कोणाशी भांडण झाले असेल, तर त्याच दिवशी लिहू नका. रागात ‘माहीत आहे’ आणि ‘गृहीत धरले’ हे दोन रकाने वेगळे राहत नाहीत.

माझ्या वहीतली एक नोंद येथे सांगते, कारण पहिला टप्पा किती दूर नेतो ते तिच्यावरून दिसेल. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात घरात रोज दोन-तीन डायपर निघत. ते पिशवीत घालून आम्ही सुक्या कचऱ्यात टाकत असू. कचरा न्यायला ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई येत. एका रविवारी मी ‘माहीत आहे’ खाली काय लिहावे म्हणून बसले आणि ध्यानात आले, की आमची पिशवी पुढे कोण उघडते, कोठे, कशाने, यातले मला काहीच ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी खाली जाऊन थांबले. ताईंनी इमारतीच्या फाटकाजवळ गोणपाट पसरले, पिशव्या एकेक करून उपड्या केल्या आणि हातांनी बाटल्या, पुठ्ठा, प्लास्टिक वेगळे करू लागल्या. आमच्या पिशवीची गाठ त्यांनी सवयीने बोटांनी चाचपली आणि न उघडता बाजूला ठेवली. ‘वजनावरून कळतं,’ त्या म्हणाल्या. ‘नेहमीच कळतं असं नाही.’

वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे आत काय आहे हे न उघडता समजते, ही सूचना पुण्यात कितीतरी वर्षांपासून दिली जाते आणि मी ती वाचलेलीही होती. असा कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर आहे, हे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही सांगितलेले होते. माहिती माझ्याकडे होती. ती कोणाच्या बोटांशी जोडलेली आहे, हे मी पाहिलेले नव्हते.

वही लिहिताना तीन गोष्टी जपाव्यात.

1. पानावर दुसऱ्याच्या चुका जास्त आणि आपल्या कमी दिसू लागल्या, तर ते पान बाजूला ठेवून पुन्हा लिहावे.

2. स्वतःला कोसत बसू नये. ‘मी किती वाईट आहे’ या वाक्यातून कोणतेही काम निघत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावे, आपण काय केले ते सरळ सांगावे, भरपाई म्हणून काय करणार ते सांगावे, आणि वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नये.

3. शेवटची ओळ कामाची असावी, आणि त्यात वस्तू, जागा आणि वेळ असावी. ‘यापुढे काळजी घेईन’ ही ओळ नव्हे. आमच्या घरी त्या सोमवारपासून कचऱ्याच्या डब्याच्या कडीला एक लाल स्केचपेन दोऱ्याने बांधलेले असे, शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, आणि पेनाची शाई संपली की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणण्याचे काम मुलाकडे दिलेले होते.